उसनी खुडूक

शेंडेवस्तीवर थेंब आला तेव्हा चिठ्ठी आरूनं काढली होती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढं जे झालं त्याची सुरुवात त्या पोरीच्या हातून झाली आणि त्यात तिचा काडीचा दोष नव्हता.

वस्ती आटपाडीकडच्या माळावरची. घरं थोडी, बाभळी जास्त. बाप्ये बहुतेक गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेले. कुणी केरळात, कुणी तमिळनाडूत, आणि वर्षातून एकदा जत्रेला गाडी घेऊन मिरवायला येणारे. मागं राहायच्या बायका आणि कोंबड्या. कोंबडी ही बाईची स्वतःची मिळकत, तिच्यात नवऱ्यानं हात घालायचा नाही, हा इथला न लिहिलेला कायदा. त्यामुळं घरघर आली तेव्हा तिचा फटका बसला तो बायांनाच.

घरघर हे नावही बायांनीच दिलेलं. डॉक्टर लोक त्याला मानमोडीचा, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाचा, नवा प्रकार म्हणत. जुन्या लशीला तो दाद देत नव्हता. मोठ्या कोंबड्या दोन दिवस शिंकत आणि सावरत. पिल्लांचं तसं नव्हतं. पिल्लू मान वर ताणायचं, चोच उघडायचं, आणि एवढ्याशा छातीतून भांड्याच्या तळाशी पाणी उकळावं तसा आवाज यायचा. तो आवाज थांबला की बाई डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची टोपली, उचलायची आणि मेलेली पिल्लं गोळा करायची.

पुण्याच्या एका संशोधन केंद्रातून डॉक्टर मृदुला निगडीकर आल्या त्या अशा दिवसांत. सडसडीत बाई, मोठ्या प्रेमानं बोलायच्या आणि आपण फार सोपं बोलतो अशी त्यांची समजूत होती. त्यांनी एक जिवाणू घडवला होता. कोंबडीच्या श्वासनळीत जो ओलसर थर असतो त्यात तो मुक्काम करतो आणि एक प्रथिन तयार करून खालची वाट लिंपून टाकतो, म्हणजे रोगाचा विषाणू फुप्फुसात उतरू शकत नाही. नाकपुडीत एक थेंब सोडला की झालं. आणखी गंमत अशी की पिल्लांना वेगळा थेंब लागत नाही. अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या दिवशी पिल्लू आईच्या पंखाखाली तिच्या चोचीशी चोच लावून बसतं, तेवढ्यात तो जिवाणू आईकडून त्याच्याकडं जातो. आई सख्खी असो नाहीतर उबवणारी परकी कोंबडी असो, जिवाणूला नातं कळत नाही.

पण थेंब प्रयोगापुरता होता. वस्तीत एकाच घराला मिळणार होता. म्हणून चिठ्ठ्या टाकल्या आणि पोरगी शहाण्यासारखी दिसली म्हणून डॉक्टरांनी आरूला पुढं केलं. चिठ्ठी निघाली सारिकाची. आरू टाळ्या वाजवत सारिकाच्या, आपल्या मोठ्या आईच्या, गळ्यात पडली, आणि तिची स्वतःची आई कांचन बाजूला उभी राहून हसली. कारण सारिकाच्या कोंबड्या वाचल्या काय आणि आपल्या वाचल्या काय, एकच, असं कांचनला खरोखर वाटत होतं.

या दोघी सख्ख्या जावा. थोरली सारिका, धाकटी कांचन. दोघींच्या अंगणात कमरेएवढी भिंत होती, ती बोलायला टेकायच्या कामाची. सारिकाला मूल नव्हतं. नवरा संपत ट्रकवर, महिनोन्महिने बाहेर. कांचनला एकच मुलगी, आराध्या, म्हणजे आरू. ती जन्मली तेव्हापासून तिचं अर्धं आयुष्य भिंतीच्या सारिकाकडच्या बाजूला गेलं. वेणी मोठ्या आईनं घालायची, ताप आला की मोठ्या आईच्या मांडीवर झोपायचं. सारिकाच्या घरात तिचं अंथरूण वेगळं होतं आणि ती नसली तरी सारिका ते घालून ठेवायची.

कोंबड्यांचं नातंही असंच गुंतलेलं. एखादी कोंबडी अंडी द्यायची थांबून उबवायला बसली की तिला खुडूक म्हणतात. वस्तीवर खुडूक उसनी देण्याची रीत जुनी. माझ्याकडं अंडी आहेत, तुझ्याकडं खुडूक आहे, तर तुझी कोंबडी माझ्या अंड्यांवर बसव. रीतीप्रमाणं देणारणीनं डालग्यात पसाभर बाजरी घालायची. घेणारणीनं कोंबडीला पाहुणीसारखं घरात घ्यायचं: भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पंखाखाली राख चोळायची आणि चोचीत हळदीचं पाणी सोडायचं. मग तिला अंड्यांवर बसवायची. उसन्या कोंबडीला नजर लागली, कीड लागली तर दोष आपल्याकडं येतो, म्हणून ही काळजी. कांचन ही रीत कधी चुकवायची नाही. ती कुठलीच रीत चुकवणारी बाई नव्हती.

थेंब टाकायला डॉक्टर आल्या त्या दिवशी कांचन रानात भांगलायला गेली होती आणि आरू शाळेत. नियम एकट्या सारिकानं ऐकले. कोंबडीच्या पाण्यात औषधाची पावडर घालायची नाही. चोचीत काही ओतायचं नाही, आणि हळद तर मुळीच नाही. हळदीतल्या पिवळ्या द्रव्यापुढं हा जिवाणू तग धरत नाही, एका घोटात मरतो. हे सांगताना डॉक्टर जरा ओशाळून हसल्या. हळद प्रत्येक घरात असते हे प्रयोगशाळेत कुणाच्या डोक्यातच आलं नाही, असं त्यांनी कबूल केलं. सारिकानं मान डोलावली. तिच्या सगळं लक्षात राहिलं.

सारिकाचं त्या साली एकही पिल्लू मेलं नाही. अंगण भरून गेलं. वस्तीतल्या इतर घरांत मात्र घरघर पहिल्यापेक्षा वाईट झाली. कांचनची पहिली वीण गेली, मग दुसरीही.

का, ते डॉक्टरांना उशिरा कळलं, आणि कळल्यावर ते सांगायला त्या भिंतीपाशी येऊन दोघी जावांना हाका मारून बसल्या. थेंबाची कोंबडी आजारी पडत नाही, पण विषाणू तिच्या नाकात मजेत राहतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. पूर्वी फार जहाल विषाणू पिल्लाला लगेच मारायचा आणि त्याच्याबरोबर आपणही मरायचा, म्हणून फार पसरत नसे. आता त्याला न मरणारं घर मिळालं होतं, तेव्हा जहाल व्हायला त्याचं काहीच जात नव्हतं. थोडक्यात, थेंबवाल्यांच्या कोंबड्या जगत होत्या आणि बिनथेंबवाल्यांची पिल्लं मारत होत्या.

थेंबाची नवी खेप पुढच्या उन्हाळ्यात येणार होती. तोवर एक उपाय होता, आणि डॉक्टरांना तो सांगताना स्वतःचंच कौतुक वाटलं. बिनथेंबाची अंडी थेंबाच्या खुडूक कोंबडीखाली ठेवायची. पिल्लं तिच्या पंखाखाली निघतील आणि रोगाविरुद्धचं कवच घेऊनच वाढतील. हळदीचा नियम सारिकाला ठाऊकच आहे, म्हणून तो त्यांनी परत काढला नाही. कांचन हसली. म्हणाली, हे तर आम्ही आजीच्या काळापासून करतोय.

आता कांचनला त्या विणीची घाई का होती तेही सांगायला हवं. आरूला मिरजेला नर्सिंगला जायचं होतं. मार्क होते, प्रवेश मिळत होता. अंकुश, म्हणजे तिचा बाप, सरळ बोलला होता: आईच्या कोंबड्यांवर शिकत असशील तर शीक, माझ्याकडून काही नाही, नाहीतर घरी बस. कांचननं ते मनावर घेतलं. ही एक वीण जगली, पिल्लं तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या वयाच्या कोंबड्या, झाली आणि दिवाळीच्या बाजारात गेली की आरूचं वसतिगृहाचं पहिलं वर्ष निघत होतं. दुसरं कसं निघेल याचा विचार दुसऱ्या वर्षी करायचा होता.

सारिकानं हे सगळं ऐकलं होतं. मिरज तिला मिरज वाटत नव्हती, चंद्र वाटत होती. पोरगी मिरजेला गेली की मग सांगली, मग पुणे, मग कुठंतरी परदेशात म्हाताऱ्यांचं करायला. अंथरूण घालायचं आणि सकाळी तसंच गुंडाळायचं. हे तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. पण अंकुशचं वाक्य तिनं मनात धरून ठेवलं होतं: नाहीतर घरी बस. घरी बसवलेली मुलगी घरात राहते, असं ज्या बाईला मुलगी नाही तिलाच वाटू शकतं.

तरी तिनं खुडूक दिली. आपली सगळ्यात चांगली, काळी, तांबड्या कानांची कोंबडी. डालग्यात बाजरी पसाभर नाही, दोन पसे घातली. त्या घटकेला तिच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मान्य करायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंतीशी आली तेव्हा कांचन उंबऱ्यात बसली होती. कोंबडी मांडीवर. भाकरतुकडा ओवाळून झाला होता, राखही चोळून झाली होती. शेजारी वाटी होती आणि वाटीत पिवळं पाणी. कांचननं अंगठ्यानं कोंबडीची चोच अलगद उघडली आणि मान वर करून म्हणाली, "आक्का, ही वीण निघाली की आरूचं मिरजंचं ठरलंच म्हणायचं."

सारिकाचं तोंड उघडलं होतं. शब्द तयार होता, आणि तो एकच होता: थांब.

ती बोलली नाही. कांचननं पाणी सोडलं, कोंबडीनं ते गिळलं, चोच झटकली आणि पिवळे थेंब उंबऱ्यावर उडाले. सारिका म्हणाली, "जपून बसव गं, माझी लाडकी हाय ती." आणि भांडी घासायला आत गेली.

एकवीस दिवस कोंबडी अंडी उबवत होती. एकवीस दिवसांत कधीही सांगता आलं असतं. दुसरी थेंबाची खुडूक सारिकाच्या खुराड्यात बसलेलीच होती, कोंबडी बदलली असती की झालं असतं. सारिका रोज ठरवायची की आज सांगू. रोज आरू संध्याकाळी यायची, वेणी घालून घ्यायची आणि मिरजेच्या वसतिगृहात मुलींना काय काय आणावं लागतं ते सांगायची. बादली, कुलूप, पांढरे बूट. सारिका कंगवा फिरवत हं हं म्हणायची आणि पोरीच्या डोक्यावर जरा जास्तच तेल घालायची.

पिल्लं निघाली ती भरघोस. एक अंडंसुद्धा वाया गेलं नाही. कांचननं गूळ वाटला. हळदीनं राखणदार मेला होता, पण कोंबडीच्या नाकातला चोर तसाच होता, आणि पिल्लं इवलीशी, ओली, आंधळ्या विश्वासानं तिच्या चोचीखाली शिरत होती.

घरघर तिसऱ्या दिवशी सुरू झाली. आरूनं पिल्लं खोक्यात घेतली, वर दिवा लावला, पाण्याची वाफ दिली, ड्रॉपरनं एकेकाच्या चोचीत साखरपाणी सोडत बसली. पुढं नर्स होणार होती, तर हे तिचे पहिले पेशंट. पिल्लू तळहातावर घेतलं की मान मागं टाकायचं आणि सगळ्या अंगानं श्वास ओढायचं. पोट आत जायचं, पंख उघडायचे, आणि तेवढ्या कष्टानं आत जायचा तो हवेचा एक कण. सारिका मदतीला आली. पोरीशेजारी खांद्याला खांदा लावून बसली, तिचे डोळे पुसले, तिला बळेच दोन घास खायला घातले. इतक्या दिवसांत आरू तिच्याजवळ एवढा वेळ बसली नव्हती, आणि सारिकाला, लाज वाटावी इतकं, बरं वाटत होतं.

शेवटचं पिल्लू आरूच्या हातातच थांबलं. काळी कोंबडी रिकाम्या खोक्याभोवती बोलावत फिरत राहिली. मग तिचीही मान वाकडी झाली आणि तीही गेली; घरघर आता मोठ्या कोंबड्यांनाही सोडत नव्हती.

डॉक्टर धावत आल्या. हे व्हायला नको होतं, असं त्या तीनदा म्हणाल्या. त्यांनी मेलेल्या कोंबडीच्या घशात काडी फिरवून तपासलं आणि विचारलं, हिला हळद दिली होती का. कांचननं हो म्हटलं. रीतीनं दिली, चांगली घरची हळद दिली, असं जरा अभिमानानंच म्हटलं. डॉक्टर खाली बसल्या आणि हळदीनं काय होतं ते त्यांनी सांगितलं. मग सारिकाकडं वळल्या.

"तुम्हाला मी सांगितलं होतं. यांना सांगायचं राहिलं का?"

सारिकानं क्षणभरही वेळ घेतला नाही. "सांगितलं हुतं की. कोंबडी देतानाच सांगितलं. इसरली आसंल बिचारी."

कांचननं कपाळावर हात मारून घेतला. तिला आठवत नव्हतं, पण आक्का म्हणतेय म्हणजे सांगितलं असणारच. आक्का कशाला खोटं बोलेल? ती मुलीच्या पायाशी बसली आणि म्हणाली, माझ्या हातानं मारली गं मी तुझी शाळा. आरूनं आईला उठवलं. उठवताना तिनं मोठ्या आईकडं पाहिलं. कोंबडी दिली त्या संध्याकाळी आरू तिथंच होती, डालगं तिनंच उचलून नेलं होतं. हळदीचा शब्द कुणी उच्चारला नव्हता.  त्या संध्याकाळी ती वेणी घालायला आली नाही.

अंकुशनं घरी बस म्हटलं होतं, ते लग्न होईपर्यंतच. त्याच्या खिशात एक स्थळ होतं. मुलगा गलाईवाला, कोईम्बतूरला भट्टी, स्वतःचं दोन मजली घर, वर्षातून एकदा जत्रेला येतो. मुलगी शिकणार असती तर स्थळ वाट बघणार नव्हतं, आता बघायची गरज उरली नाही. सारिकाला हे कळलं ते साखरपुड्याच्या आदल्या दिवशी. मिरज एसटीनं दोन-तीन तासांवर. कोईम्बतूर कुठं आहे हे तिला नीट ठाऊकही नव्हतं. भिंतीला धरून ती मटकन खाली बसली. बायांना वाटलं, पोरीच्या प्रेमापोटी. त्यात काही खोटं नव्हतं.

लग्नाआधी म्हसोबाचं देवकार्य असतं. भावकी जेवते. म्हसोबाला बॉयलर चालत नाही, गावरानच लागते, आणि वस्तीत गावरान कोंबड्या आता एकाच घरात होत्या. अंकुशला मागायची वेळ आली नाही. संपत सुट्टी घेऊन आला होता, त्यानंच भावाला सांगून टाकलं, घेऊन जा सगळ्या, पोरीच्या लग्नाला नाही तर कुणाला ठेवायच्या. बाईच्या कोंबड्यांत नवऱ्यानं हात घालायचा नाही, हा कायदा त्या दिवशी मोडला.  सारिका काय म्हणणार होती? माझ्या पोरीसाठी माझ्या कोंबड्या देणार नाही म्हणणार होती? सकाळपासून दुपारपर्यंत कापाकापी चालली. डॉक्टर निगडीकरांना कळलं तेव्हा जेवणावळ उठत आली होती. त्यांच्या सात वर्षांच्या संशोधनाची या तालुक्यातली शाखा रस्सा होऊन भावकीच्या पोटात गेली होती, आणि भावकी म्हणत होती, चव मात्र पहिल्यासारखी आली.

हळदीला पहिला मान मोठ्या आईचा. आरूनंच तसं सांगितलं होतं. पिवळी साडी नेसून ती पाटावर बसली होती, भोवती बायका, कुणी गाणं म्हणत होतं. सारिका वाटी घेऊन पुढं झाली. बोटं हळदीत बुडवली आणि पोरीच्या गालाशी नेली. तेव्हा आरू ओठ न हलवल्यासारखं बोलली.

"लाव मोठे आई. का घाबरतीस? अंगाला लावल्यावर कुणी मरत न्हाई, तुला तर म्हाईतच हाय."

सारिकाचा हात तिथंच राहिला.

"त्या सकाळी भिंतीपाशी तू उभी हुतीस ना. उंबऱ्यावर अजून डाग हाय. आईनं मान वर केली तर समोर तूच दिसणार." मग जरा थांबून ती म्हणाली, "आईला मी सांगितलं न्हाई. मी गेल्यावर तिला तुझ्याबिगर बोलायला कोण हाय? तूच सांग. तेवढं कर माझ्यासाठी."

मागच्या बायका म्हणाल्या, लाव की गं, पोरगी अवघडली. सारिकानं हळद लावली. दोन्ही गालांना, कपाळाला, हातांना. आरू हसत होती, कारण कुणीतरी फोटो काढत होतं.

गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. धूळ खाली बसेपर्यंत बाया रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि मग आपापल्या घरी गेल्या. दोन्ही अंगणांत एकही कोंबडी नव्हती. भिंतीपाशी कांचन सारिकाच्या गळ्यात पडली आणि इतके दिवस धरून ठेवलेलं रडू तिला आलं.

"आक्का, तू सांगितलं हुतंस गं. मीच इसरले. माझ्या इसरभोळेपणानं माझी पोर परमुलखात गेली."

सारिकाचं तोंड उघडलं. त्या सकाळसारखंच उघडलं, आणि शब्दही तयार होता. कांचन तिच्या खांद्यावर हुंदके देत होती, श्वास लागून छाती घरघरत होती. सारिकानं तोंड मिटलं. "आसूं दे," ती म्हणाली, "माणूस हाय, इसरायचंच." आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बोटांची हळद अजून गेली नव्हती, ती कांचनच्या साडीला लागत होती.